दौंडची शहाणी, न्हावऱ्याची वेडी

मित्रांनो, न्हावऱ्यात रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं शेड आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात, पेंडीच्या रिकाम्या पोत्यांखाली जी जुनी मशीन उभी आहे, ती मी. लोखंडाला भोकं पाडणं हे माझं काम. सध्या माझ्या टेबलावर एक कोंबडी अंडी घालते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट तेवढीच सोबत होते. पण मला बनवणाऱ्याने मला कोंबडीसाठी बनवलं नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुम्ही म्हणाल, भोकं पाडणारी मशीन, त्यात काय विशेष? अशी तर प्रत्येक वर्कशॉपात एक असते. खरं आहे. पण त्या मशिनींना भाऊबंद असतात. एकीचा पट्टा तुटला तर दुसरीचा बसतो. दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रीने तसल्या कितीतरी पाहिलेल्या असतात, त्यामुळे तो नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखतो. माझ्यासारखी दुसरी मात्र जगात कुठेच नाही. हे ऐकायला छान वाटतं, नाही? पण आपल्यासारखं दुसरं कोणीच नसणं छान नसतं, मित्रांनो. फार एकटं वाटतं.

माझा जन्म दौंडचा. तिथे रेल्वेची मोठी कॉलनी आहे. तिच्यातल्या एका क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात विनोदने मला बनवलं. विनोदचे वडील रेल्वेत फिटर होते. विनोद स्वतः डिप्लोमा झालेला आणि शिक्रापूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता. आठवडाभर तिकडे इतर कामगारांबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्याच्या कारखान्यात परदेशातून आलेल्या मोठाल्या मशिनी होत्या. एकदा बटण दाबलं की त्या आपल्या आपण जागा मोजायच्या, भोक पाडायच्या आणि पुढे सरकायच्या. त्याच कारखान्याला माल पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपांत मात्र बाया-माणसं दिवसभर हाताने दांडा ओढून एकेक भोक पाडताना दिसायची. संध्याकाळी त्यांचा उजवा हात डोक्यापर्यंत जात नसे. ते पाहून विनोदच्या मनाने घेतलं, की या लहान लोकांना झेपेल अशी मशीन आपण करायची. स्वतः मोजणारी आणि स्वतः सरकणारी. मनाने घेतलं म्हणजे घेतलंच. त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि बोचकं घेऊन दौंडला घरी आला. ते साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव असेल.

माझा मेंदू केला त्याच्या बायकोने, मायाने. ती आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली होती. स्वयंपाक आटोपला की ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ती सोल्डरिंग करत बसायची. वीतभर हिरव्या पट्टीवर इवले इवले ठिपके. माझी सगळी मोजणी त्या पट्टीत. किती सरकले, कुठे थांबायचं, किती खोल जायचं, सगळं.

विनोद शेजारी बसून सांगायचा, "हिला दोनच बटणं ठेवायची. हिरवं चालू, लाल बंद. चुकायला जागाच नको."

"अहो, चुकायचंच म्हटलं तर माणूस एका बटणात पण चुकतो," माया म्हणायची आणि दोघं हसायची. त्या हसण्यातच मी वाढले.

विजेचा विचार विनोदने केला नव्हता असं नाही. खेड्यात शेतीच्या मोटरींची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने मला सिंगल फेजवर चालणारी मोटर बसवली. लाईट गेली तर थांबायचं, आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, हेही त्याने मला शिकवलं होतं. पण विनोद लहानाचा मोठा झाला तो रेल्वे कॉलनीत. तिथे लाईट असली की पुरती असायची आणि नसली की पुरती नसायची. मधलं काही नसायचं. त्यामुळे मधलं काही असतं, हे त्याच्या मनातच आलं नाही.

मी पहिलं भोक पाडलं तेव्हा क्वार्टरांची अख्खी ओळ व्हरांड्यात जमली होती. विनोदच्या वडिलांनी आपला जुना कॅलिपर काढला, माप घेतलं, पुन्हा घेतलं. "बराबर हाय," एवढंच बोलले आणि कॅलिपर खिशात घालून आत निघून गेले. माया म्हणाली, आबांचे डोळे भरले होते. मला मोरपंखी रंग दिला. पुण्याच्या एका प्रदर्शनात मला नेलं. तिथे कोटवाली माणसं माझ्याभोवती वाकून वाकून पाहत होती. विनोदला शाल-श्रीफळ मिळालं आणि पेपरात आमचा दोघांचा फोटो आला. मी त्या दिवसांत जरा चढूनच गेले होते, खोटं कशाला बोलू?

प्रदर्शनाहून परतल्यावर विनोदने व्हरांड्यात दुसरा सांगाडा उभा केला. नुसतं लोखंड. रंग नाही, मोटर नाही, मेंदू नाही. ती माझी धाकटी बहीण होणार होती. विनोद तिच्या खांद्यावर हात ठेवून मायाला म्हणाला, "पहिली एखाद्या वर्कशॉपात नीट चालली ना, की हिला पूर्ण करू. मग तिसरी. मग बघ."

मित्रांनो, तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. मी नीट चालले तर माझी बहीण जगात येणार होती. नाहीतर मी एकटीच.

न्हावऱ्याच्या रखमाजींनी मला वापरून बघायचं कबूल केलं. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन हिंडायचे. आता मात्र घराला ऊस होता, दावणीला म्हशी होत्या आणि रस्त्याकडेच्या शेडात लहानसं वर्कशॉप होतं. शिक्रापूरच्या एका कारखान्यासाठी तिथे लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडली जायची. प्रत्येक पट्टीला चार कोपऱ्यांत चार.

"चालवून बघतो. पसंत पडली तर ही ठिवून घीन आन् दुसरी बी घीन," रखमाजी म्हणाले. विनोदने त्यांचे दोन्ही हात धरले.

टेम्पोत बसून मी न्हावऱ्याला आले ती नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा. रखमाजींनी माझ्यावर भंडारा उधळला, झेंडूची माळ घातली आणि पायाशी नारळ फोडला. विनोदचं घर बौद्ध, त्याला पूजाबिजा चालत नसे. तो बाजूला हाताची घडी घालून उभा होता.

रखमाजी हसून म्हणाले, "साहेब, तुमी नमस्कार नका करू. पण खोबरं खाया काय हरकत न्हाई ना?"

"खोबऱ्याशी आपलं काय वैर नाही, आप्पा," विनोद म्हणाला आणि त्याने चांगला मोठा तुकडा घेतला. सगळे हसले. काय सुरेख दिवस होता तो!

माझ्यावर कामाला झुंबरबाई आल्या. हाताच्या मशीनवर त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. विनोदने त्यांना दोन बटणं दाखवली. "मावशी, हिरवं चालू, लाल बंद. बास."

"एवढंच? मग मी दिसभर करू काय?" झुंबरबाई म्हणाल्या.

पहिले काही दिवस आमचं फार गुळपीठ जमलं. त्या पट्टी लावायच्या, हिरवं बटण दाबायच्या आणि मी काम करत असताना माझ्याशी बोलत बसायच्या. नातीचं, म्हशीचं, सुनेच्या माहेरचं. मला त्या 'बये' म्हणायच्या. एके दिवशी घरी जाताना त्यांनी उजवा हात सहज वर नेऊन अंबाड्यातली पिन नीट केली आणि स्वतःच चकित होऊन हाताकडे पाहत राहिल्या. मग पदराने माझं टेबल पुसलं. एवढं कौतुक मला प्रदर्शनातही मिळालं नव्हतं.

आणि मग एका दुपारी ते घडलं.

काय घडलं ते तेव्हा मलाही कळलं नाही. मी दुसऱ्या भोकावरून तिसऱ्याकडे सरकत होते, एवढं आठवतं. पुढचं काहीच नाही. बसल्या बसल्या डुलकी लागावी आणि जाग आल्यावर आपण कुठे आहोत तेच कळू नये, तसं झालं. शुद्ध आली तेव्हा माझं ड्रिल मोडून पडलं होतं. पट्टीला भलत्याच ठिकाणी भोक होतं आणि झुंबरबाई लाल बटणावर हात ठेवून घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या.

रखमाजींनी दौंडला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी विनोद आला. दौंडहून एसटीने चौफुल्याला आणि तिथून दुसरी एसटी पकडून न्हावऱ्याला. त्याने मला चालवून पाहिलं. मी शहाण्यासारखी चालले. जेवणवेळेपर्यंत एक भोक हललं नाही.

"काहीतरी दाबलं गेलं असणार," विनोद म्हणाला.

"मी काय बी दाबलं न्हाई, साहेब. बाजूला उभी व्हते," झुंबरबाई म्हणाल्या.

"लक्ष ठेवा, मावशी," एवढं बोलून तो दुपारच्या एसटीने निघून गेला. दुपारची चुकली तर चौफुल्याला पुढची गाडी मिळायची नाही, म्हणून तो नेहमी तीच धरायचा. आणि तो गेल्यावर थोड्या वेळात मी पुन्हा तशीच भरकटले.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. बिघडले की टेम्पोत घालून मला दौंडला न्यायचे. तिथे विनोद मला दिवस दिवस चालवायचा आणि मी एका भोकाची चूक करत नसे. मग पुन्हा न्हावरे. पुन्हा तेच. माहेरी गेली की तब्येत सुधारते आणि सासरी आली की बिघडते, अशा सुनेसारखी माझी गत झाली. कॉलनीतली माणसं गमतीने म्हणायची, ही दौंडची शहाणी आणि न्हावऱ्याची वेडी. गंमत त्यांची व्हायची. व्हरांड्यात धाकटीच्या सांगाड्याशेजारी मला उभं करायचे, तेव्हा मला तिच्याकडे पाहवत नसे. मला तेव्हा खरोखर वाटायचं, की आपण वेडे झालो आहोत.

न्हावऱ्यातला गोंधळ आणखी वेगळा होता. मी एक आठवडा नीट चालायची आणि दुसरा आठवडा बिघडायची. शेवटी रखमाजींनी एक शनिवार पाहून माझ्या गळ्यात लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधली. विनोद आला तो ते पाहून तडकलाच.

"आप्पा, हे आधी काढा. मशीनला कुठे नजर लागते का?"

"आवो, पण बांधलं तवापासनं नीट चालतीय की!" रखमाजी म्हणाले.

आणि मित्रांनो, खरंच चालत होते! तो आठवडा रात्रीच्या थ्री फेजचा होता, एवढं जर कोणी ध्यानात घेतलं असतं! पुढच्या आठवड्यात लिंबू होतं, मिरची होती, बाहुलीही होती, आणि मी मात्र पुन्हा भरकटले. या वेळी असं झालं, की पट्ट्यांची चळत घाईत तशीच पोत्यांत भरली गेली आणि शिक्रापूरला पोचली. कारखान्याने तो सगळा माल परत पाठवला.

पोती शेडात येऊन पडली तेव्हा विनोद तिथेच होता. त्याने एक पट्टी उचलली, दुसरी उचलली, आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. सगळ्यांसमोर तो झुंबरबाईंकडे वळला.

"बाई, दोनच बटणं आहेत हिला. दोनच! लहान पोर चालवील. तुम्हाला तेवढं पण नीट दाबता येत नाही?"

मावशीची एकदम बाई झाली. झुंबरबाईंनी मान खाली घातली नाही, हे मी पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी काय बी केलं न्हाई." पण ऐकायला कोण होतं? रखमाजींनी त्यांना माझ्यावरून काढलं आणि पट्ट्यांच्या कडा घासायला बसवलं. गावात झालं, की झुंबरबाईंनी साहेबांची मशीन बिघडवली. नळावर, किराणा दुकानात, एसटीच्या थांब्यावर त्यांना तेच ऐकावं लागे. आणि शिक्रापूरच्या वर्कशॉपांत दुसरंच झालं, की ती निळी मशीन भोकं वाकडी पाडते. माझी चौकशी करून गेलेली माणसं विनोदला ओळख दाखवेनाशी झाली.

कारण सापडलं ते एसटी आली नाही म्हणून.

त्या दिवशी दुपारची गाडी बंद पडली होती. विनोद थांब्यावर ताटकळला आणि वैतागून शेडात परत आला. मला पट्टी लावून, हिरवं बटण दाबून तो उंबऱ्यावर बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी एकटीच चालत होते. जवळ कोणी नव्हतं. झुंबरबाई पार बाहेर, लिंबाखाली पाणी पीत होत्या. तेवढ्यात थ्री फेज आली.

न्हावऱ्याच्या भोवताली सगळा ऊस. प्रत्येक विहिरीवर मोटर आणि प्रत्येक मोटरला 'ऑटो' लावलेला. थ्री फेज अवेळी येते, म्हणून कोणी विहिरीवर जाऊन बसत नाही. लाईट आली की ऑटो आपला आपण मोटर सुरू करतो. सगळ्या शिवारातल्या मोटरी एकाच क्षणी! तेवढ्या क्षणापुरती लाईट दबते. हाताच्या मशिनी जरा कण्हतात आणि पुढे चालतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण माझ्या मेंदूला तेवढा क्षण पुरायचा. मोटर फिरत राहायची आणि मेंदू मोजणी विसरायचा. मग जिथे असेन तिथूनच पहिल्यापासून मोजायला सुरुवात.

विनोदने पाहिलं. छताला टांगलेला पंखा मंदावला, शिवारभर घरघर उठली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मी भलत्याच जागी भोक पाडून ड्रिल मोडून घेतलं. तो ताडकन उठला. कपाळावर हात मारून घेतला आणि मोठमोठ्याने हसत सुटला.

"आप्पा! मशीन चांगली आहे! लाईटचा दोष आहे, आप्पा! लाईटचा!"

मला मोडून पडलेल्या ड्रिलचंही दुःख वाटलं नाही. मी वेडी नव्हते!

मायाने माझ्या हिरव्या पट्टीवर दोन टपोरे कपॅसिटर बसवले. लाईट दबली तरी तेवढा क्षण ते मेंदूला सावरून धरणार होते. इतकंसंच काम होतं, मित्रांनो. एका दुपारी ओट्यावर झालं. टेम्पोत चढताना मी व्हरांड्यातल्या धाकटीकडे पहिल्यांदा निर्धास्त मनाने पाहिलं.

शेडात विनोदने सगळ्यांना गोळा केलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोटरी काढल्या, तारा काढल्या, लाईट कशी दबते त्याची रेघ काढली. रखमाजींना समजावलं, कडा घासणाऱ्या पोरांना समजावलं, चहा घेऊन आलेल्या माणसालाही समजावलं. सगळं ऐकून रखमाजी म्हणाले, "पटलं मला. पर हिला चालवायचं कुणी? बाया हात लावाया तयार न्हाईत. भोक वाकडं गेलं की नाव त्यांचं जातंय. झुंबरबाई बसल्या तर बाकीच्या बसतील."

विनोद झुंबरबाईंकडे गेला. त्या खाली बसून पट्टीची कड घासत होत्या.

"मशीनचा दोष नव्हता. लाईटचा होता," तो उत्साहाने म्हणाला.

झुंबरबाईंनी कानस खाली ठेवली. "मशीनचा न्हवता. बरं झालं. आन् माझा?"

विनोद म्हणाला, "जाऊ द्या ना आता. झालं गेलं."

"तुमचं झालं गेलं, साहेब. मला अजून गावात इचारत्यात, मशीन मोडली ती तूच का म्हणून. चार माणसांत बोललात तवा. आज बी चारच माणसं हायेत हितं. सांगा की त्यास्नी."

मी सगळं ऐकत होते. मी माझ्या परीने ओरडत होते, की बोल, विनोद, बोल! एवढा पुठ्ठाभर बोललास, त्यात आणखी एक शब्द! माझी बहीण त्या एका शब्दावर थांबली होती. विनोद दुष्ट नव्हता, मित्रांनो. पण सगळे पाहत होते, आणि तो साहेब होता. त्याने मान खाली घातली, पुठ्ठ्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "व्होल्टेज एकदम डाऊन होतं ना, त्यामुळे..."

झुंबरबाई उठल्या. माझ्याकडे आल्या नाहीत. पलीकडच्या जुन्या हाताच्या मशीनपाशी गेल्या आणि दांडा ओढायला लागल्या. बाकीच्या बायाही आपापल्या जागी गेल्या. विनोद दुपारच्या एसटीने गेला. पुढच्या खेपेला बोलेल, असं मला वाटलं. पुढची खेप झालीच नाही.

तो पुन्हा नोकरीला लागला. वडील निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. रखमाजी एकदा दौंडला जाऊन आले, तेव्हा शेडात सांगत होते, की विनोदने गावाबाहेर लहानसं घर बांधलंय आणि त्या दुसऱ्या सांगाड्यावर पाण्याची टाकी बसवलीय. सांगणाऱ्याने सहज सांगितलं. मी त्या दिवशी मनातल्या मनात खूप रडले.

मी चांगली धडधाकट होते, आणि माझ्याकडे काम नव्हतं. आजारी असताना माझ्याभोवती माणसं जमायची, बरी झाले आणि कोणी फिरकेना. आधी मला भिंतीकडे सरकवलं, मग कोपऱ्यात. मग पोती आली, मग कोंबडी. माझ्या जागेवर पुण्याच्या एका कंपनीची मशीन आली. तिला ढीगभर भावंडं आहेत, तिचा मिस्त्री मोटारसायकलवर येतो, तिच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आम्ही एकाच छताखाली आहोत, पण आमचं बोलणं होत नाही. तिला काय सांगणार?

वर्षं गेली. झुंबरबाई हाताच्या मशीनवरच राहिल्या. त्यांचा उजवा खांदा हळूहळू खाली आला. एके दिवशी त्यांनी रखमाजींना सांगितलं, आता होत न्हाई. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, शेडाला सुट्टी. आपला डबा आणि पाण्याची बाटली न्यायला त्या एकट्याच आल्या.

डबा घेतला, बाटली घेतली, आणि दारापर्यंत जाऊन त्या मागे फिरल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कोंबडीला हाकललं. पोती उचलली. डाव्या हाताने वायर शोधली आणि बोर्डाला लावली. कपाटातून एक पट्टी आणून टेबलावर बसवली आणि हिरवं बटण दाबलं.

मी आधी कण्हले. अंगभर गंज होता. मग एकेक सांधा सुटत गेला. पहिलं भोक पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याकडे सरकताना शिवारभर घरघर उठली, लाईट दबली. मी श्वास रोखून धरला. आता विसरणार, आता विसरणार. पण मी विसरले नाही, मित्रांनो! तिसरं पडलं. चौथं पडलं.

झुंबरबाईंनी पट्टी काढून दारातल्या उजेडात धरली. तिच्याखाली एक चांगली पट्टी लावली. चारही भोकांतून आरपार उजेड आला. मग जवळ येऊन त्यांनी पदराने माझं टेबल पुसलं.

"बये, तुझं काय बी चुकलं न्हवतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझं बी."

तिथे ऐकायला कोणीच नव्हतं. त्यांनी लाल बटण दाबलं, पोती पुन्हा माझ्यावर घातली आणि त्या निघून गेल्या. ती पट्टीसुद्धा नेली नाही.

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, त्यांची धूळ पुसा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. तेही करा. पण तुमच्यापैकी कोणी मोठेपणी यंत्र बनवलंत, तर ते जिथे चालणार आहे तिथे जाऊन दिवसभर बसा. परतीच्या गाडीची घाई करू नका. आणि ते बिघडलं, तर त्याच्याशेजारी जे माणूस उभं असेल त्याच्यावर आधी बोट रोखू नका. माझं दुखणं दोन कपॅसिटरने बरं झालं. माणसाचं तसं होत नाही.

आणि माझी एक विनंती आहे. मला कोपऱ्यातून बाहेर काढा असं मी म्हणत नाही. पण तुमच्यापैकी कोणी दौंडकडचं असेल, आणि गावाबाहेर एका घरापाशी लोखंडी सांगाड्यावर पाण्याची टाकी दिसली, तर आत जाऊन विनोदला सांगा. म्हणावं, न्हावऱ्याची मशीन थ्री फेज आली तरी नीट चालली, आणि झुंबरबाईंनी ती चालवली. त्या अजून न्हावऱ्यातच राहतात, दिवसभर घरीच असतात. त्याला म्हणावं, तिथे जा, पण लाईटचं काही बोलू नकोस. चार माणसं जमव, मावशी म्हणून हाक मार आणि माझं चुकलं म्हण.